एकशे ऐंशीवर पंचवीस मिनिटं

मुनीरभाईंच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, थर्मामीटर असायचं. ताप मोजायचं नव्हे. वीतभर लांब पितळी दांडीचं, वर गोल तबकडी असलेलं, भट्टीत खुपसायचं. नव्या माणसाला तो दागिना आहे की हत्यार, हेच कळायचं नाही. मुनीरभाई म्हणायचे, "पेन खोटं लिहू शकतं. हा काटा नाय लिहीत."

वाळूजच्या आमच्या कारखान्यात दवाखान्यांसाठी लोखंडी खाटा आणि कपाटं बनायची. मुनीरभाई पेंट शॉपचे सुपरवायझर होते, मी क्वालिटीत. त्यांच्या मालात खोट काढायची हे माझं काम आणि माझ्या हाती खोट लागू द्यायची नाही हे त्यांचं. अशा दोन माणसांचं सहसा जमत नाही. आमचं जमलं ते त्यांच्या शनिवारच्या डब्यामुळं.

कंपनीची बस शहरातून निघून छावणीत थांबली की मुनीरभाई चढायचे. उंच, किडकिडीत, पांढरी कातरलेली दाढी, इस्त्रीचा खाकी शर्ट. शनिवारी त्यांच्या हातात बिस्किटांचा जुना चपटा पत्र्याचा डबा असायचा. तो ते मांडीवर आडवा धरून बसायचे, अंगावरच्या लेकरासारखा. बजाजनगरच्या वळणावर बस हेलकावली की आधी डबा सावरायचे, मग स्वतःला.

दहाच्या चहाला डबा उघडायचा. आत ब्राउनी. त्या काळी हा शब्द आमच्या शॉपमध्ये मी सोडून कुणी ऐकलेला नव्हता. कामगारांनी तिचं नाव 'काळी वडी' ठेवून टाकलं होतं. मुनीरभाई स्टीलच्या फूटपट्टीनं मोजून पाच सेंटिमीटरचे चौकोन कापायचे. मॅनेजर दातारसाहेबांना जेवढा तुकडा, तेवढाच झाडणाऱ्या कांताबाईला. फरक एकच. चार कोपऱ्यांतला एक कुरकुरीत तुकडा कांताबाईचा ठरलेला. एकदा दातारसाहेबांनीच कोपऱ्याच्या तुकड्याला हात घातला तर मुनीरभाईंनी डबा मागं ओढला.

"साहेब, कोपरा बुक आहे."

"कुणाच्या नावानं?"

"माझ्या," कांताबाई झाडू भिंतीला टेकवत म्हणाली. "लई दिवसांपासून."

कांताबाई करमाडची. घरची कोरडवाहू जमीन दिरांच्या ताब्यात सोडून नवऱ्याबरोबर बजाजनगरात एका खोलीत राहायला आलेली. जिभेला हाड नसलेली बाई. साहेबांनासुद्धा तिनं कधी 'अहो-जाहो'च्या आड लपून काही सांगितलं नाही.

ही काळी वडी मुनीरभाईंकडं आली त्याची गोष्ट ते फार रंगवून सांगायचे. आमची मोठी भट्टी बसवायला पुण्याहून एक इंजिनीअर आला होता. पत्र्यावर रंगाची पावडर फवारायची आणि भट्टीत भाजायची, असा तो सगळा प्रकार. इंजिनीअरच्या बायकोनं त्याला बरोबर डबा दिला होता. त्यानं मुनीरभाईंना एक तुकडा दिला. मुनीरभाईंनी खाल्ला, बोटं पुसली आणि पहिला प्रश्न विचारला, "किती डिग्री?"

"एकशे ऐंशी."

"किती मिनिटं?"

"वीस-पंचवीस."

"अरे, ये तो अपना रोज का धंदा है!" असं म्हणून ते इतके हसले म्हणे, की इंजिनीअर घाबरला. आमची पावडरही एकशे ऐंशीवरच भाजायची, तेवढाच वेळ. मुनीरभाईंनी त्याच्याकडून कृती लिहून घेतली. कंपनीच्या भंगारातून रीतसर पावती करून पत्रा घेतला आणि घरी दोन कॉइलची पेटी बनवली. पहिले सहा शनिवार त्यातून वीट निघाली. सातव्या शनिवारी डबा बसमध्ये चढला.

त्यांची काही वाक्यं शॉपमध्ये म्हणीसारखी चालायची. "घाई केली की कच्चं, आळस केला की करपलं." किंवा, "पोटातलं लेकरू अन् भट्टीतला माल वेळेआधी बघू नये." भट्टीचं दार मध्येच उघडणाऱ्याला ते कधी रागावले नाहीत. नुसते शेजारी जाऊन उभे राहायचे. त्या उभं राहण्यानंच माणूस दार लावून घ्यायचा.

एक सवय मात्र त्यांची मला खटकायची. ब्राउनी वाटल्यावर स्वतः खायच्या आधी ते सगळ्यांच्या तोंडाकडं टक लावून बघत बसायचे. आणि कुणी "छान झाली" म्हटलं की त्यांचं समाधान व्हायचं नाही.

"छान म्हणजे काय? नीट सांगा. वास कसा आला? गिळल्यावर मागं काय राहिलं?"

मला वाटायचं, काय हा कौतुकाचा सोस! बाकीचे गडबडायचे. कांताबाई मात्र डोळे मिटून, जबाबदारीनं सांगायची.

"भाजलेल्या शेंगांवानी वास हाय. अन् मागून जरा जळक्या गुळावानी. कढईच्या बुडाला लागलेला असतो न्हाय, तसा."

मुनीरभाई खिशातून छोटी डायरी काढून ते उर्दूत लिहून घ्यायचे. पट्टीनं मोजणारा माणूस, म्हणून ह्याचंही काही माप ठेवत असेल असं मी धरून चालले होते.

एका मे महिन्यात ते उघडं पडलं.

सुग्राभाभी, म्हणजे मुनीरभाईंच्या पत्नी, बहिणीच्या आजारपणासाठी जालन्याला गेल्या होत्या. मुनीरभाईंनी एकट्यानंच ब्राउनी केली. नेहमीसारखी कापली, वाटली आणि आमच्या तोंडांकडं बघत बसले. मी पहिला घास घेतला आणि तो तोंडात तसाच थांबला. लोणी खवट झालं होतं. थोडंथोडकं नाही, चांगलंच. मी दातारसाहेबांकडं बघितलं. ते चहाचा मोठा घोट घेऊन गिळत होते. फिटर, पेंटर, सगळे खाली बघून चावत होते. वीसच्या वीस माणसं. मुनीरभाईंची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरत होती. तोवर त्यांनी स्वतःचा तुकडाही तोंडात टाकला होता आणि शांतपणे खात होते.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही भाई, मस्त आहे," कुणीतरी म्हणालं.

कांताबाईनं तोंडातला घास हातावर काढला. "काय मस्त हाय? भाई, लोणी पार खवट झालंय. तुमाला वास येत नाय व्हय?"

मुनीरभाईंनी हातातला उरलेला तुकडा परत ठेवला. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "नाय," ते म्हणाले. "नाय येत."

दुपारी मी त्यांच्या टेबलाशी गेले. मी खुर्ची ओढून बसले, आणि तेच बोलायला लागले. कारखान्यात येण्याआधी त्यांनी वीस वर्षं छोट्या गॅरेजांमध्ये ट्रक रंगवले होते. तोंडाला फडकंसुद्धा न बांधता. थिनरनं नाक हळूहळू मारत नेलं.

"शेवटचा वास कशाचा आला, ते आठवत नाय, ताई. माणूस जाताना सांगून जातो. नाक सांगून गेलं नाय."

"घरी माहीत आहे?"

"एक दिवस सुग्राची डाळ करपली. ती बाहेर होती. आली तर मी करपलेली डाळ आरामात खात बसलेलो. ती तिथंच उंबऱ्यावर बसून रडली. तेव्हापासून घरात सगळं आधी ती हुंगते, मग मी हात लावतो. काल ती नव्हती."

मग त्यांनी डायरी माझ्यासमोर ठेवली आणि बोट फिरवत वाचून दाखवली. भाजलेल्या शेंगा. जळका गूळ. कुणीतरी सांगितलेलं, नव्या वहीचं पान. दातारसाहेबांचं, देवळातल्या लाकडी दाराचा उन्हातला वास. पानंच्या पानं. मी ज्याला कौतुकाचा सोस समजत होते, तो एका माणसानं इतरांच्या नाकांकडून मागून आणलेला वास होता.

"पण मग ब्राउनीच का, मुनीरभाई?"

"चहा गेला, बिर्याणी गेली, आंबा गेला. नुसतं गोड, नुसतं खारट राहिलं. पण ह्याच्यात मला गोड कळतं, कडू कळतं, वरची कुरकुर दातांना कळते, आतला ओलावा जिभेला कळतो. नाक नसताना चार गोष्टी कळतात, अशी ही एकच चीज सापडली. म्हटलं, बाकीचं लोकांना विचारू."

ते उठले, शर्ट नीट खोचला आणि म्हणाले, "चला, साहेबांकडं जायचंय."

"कशाला?"

"ब्राउनी खवट झाली तर थुंकता येते, ताई. पावडरीआधी माल धुतात त्या बूथमध्ये थिनरचा पाइप गळाला आणि मला कळलं नाय, तर? वीस पोरं असतात आत. इतके दिवस मी गप बसलो. नोकरीच्या भीतीनं बसलो. आज कांताबाईनं वीस माणसांसमोर खरं सांगितलं, आणि मी सुपरवायझर असून गप बसू?"

त्यांनी दातारसाहेबांसमोर उभं राहून सगळं सांगितलं. साहेबांना वाईट वाटलं, पण त्यांच्याही हातात काही नव्हतं. नाक नसलेला माणूस पेंट शॉपवर ठेवता येत नाही. सोमवारपासून मुनीरभाई स्टोअरमध्ये गेले. नट-बोल्टांच्या खोक्यांमध्ये. त्यांच्या जागी निकम आला. तरुण, डिग्रीवाला, कामाला चांगला, पण सगळं आपल्याला ठाऊक आहे असं वाटायच्या वयातला. शनिवारचा डबा बंद झाला. कांताबाईनं दोनदा विचारलं, तर "सध्या नक्को" एवढंच उत्तर मिळालं. बसमध्ये ते मांडीवर रिकामे हात ठेवून बसायचे. ते बघवायचं नाही.

तीनएक महिन्यांनी एका मोठ्या दवाखान्याची ऑर्डर आली आणि तिच्याबरोबर आमची साडेसाती. खाटांचा रंग कच्चा निघायला लागला. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं घासलं की भाजलेल्या रंगाला काही होत नाही. इथं रंग उतरून फडकं पांढरंफेक व्हायचं. आणि सगळ्याच खाटांचं असं नव्हे. दहातल्या दोन फेल, आठ उत्तम. निकमनं पावडर बदलली, वेळ वाढवली, तर चांगल्या खाटा पिवळट पडायला लागल्या आणि कच्च्या तशाच राहिल्या. भट्टीचं मीटर एकशे ऐंशी दाखवत होतं. पावडरवाल्याचा माणूस येऊन आम्हालाच नावं ठेवून गेला. दातारसाहेबांनी शेवटी सांगून टाकलं, आठवड्यात सुधारलं नाही तर ऑर्डर परत जाईल आणि दुसरी पाळी बंद करावी लागेल. दुसऱ्या पाळीत चाळीस माणसं होती. कांताबाईचा नवरा त्यातला एक.

मी फडक्यांचा गठ्ठा घेऊन स्टोअरमध्ये गेले. मुनीरभाईंनी एकच प्रश्न विचारला.

"फेल झालेल्या खाटा ट्रॉलीत कुठं ठेवल्या होत्या?"

मी फडकी उलटीपालटी करून बघितली. पाच दिवसांत आमच्यापैकी एकानंही ते लिहून ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मुनीरभाई दोन थैल्या घेऊन बसमध्ये चढले. कँटीनच्या ओट्यावर त्यांनी मैदा, कोको, साखर, लोणी काढलं आणि पातेलंभर पीठ कालवलं. लोणी आधी कांताबाईच्या नाकाखाली धरलं. तिनं हुंगून मान हलवली. "ताजं हाय. घाला." मग त्यांनी बारा छोट्या पत्र्याच्या थाळ्यांत सारखं वजन करून ते ओतलं आणि निकमसमोर जाऊन उभे राहिले.

"निकमसाहेब, एक मेहेरबानी. पंचवीस मिनिटं तुमची भट्टी द्या."

निकमनं थाळ्यांकडं बघितलं. "मुनीरभाई, इथं माझी नोकरी चाललीय आणि तुम्ही केक भाजताय?"

"खायला नाय. बघायला. पावडर फक्त पास-नापास सांगते. मैदा सगळं सांगतो. कच्चं, अर्धकच्चं, झालं, करपलं."

निकम काही बोलायच्या आत दातारसाहेब म्हणाले, "द्या त्यांना. पाच दिवस आपण तरी काय उजेड पाडला?"

रिकामी ट्रॉली आणली. मुनीरभाईंनी थाळ्यांवर खडूनं आकडे घातले. वर चार, मध्ये चार, खाली चार. पुढं, मागं, डावीकडं, उजवीकडं. ट्रॉली आत गेली आणि दार लागलं. सगळं शॉप काम सोडून भोवती जमलं होतं. पंधराव्या मिनिटाला निकमचा हात कडीकडं गेला. मुनीरभाई नेहमीसारखे त्याच्या शेजारी जाऊन नुसते उभे राहिले. निकमनं हात मागं घेतला.

पंचवीस मिनिटांनी दार उघडलं. तसला वास त्या शॉपमध्ये कधी आला नव्हता. पन्नास माणसं श्वास ओढत होती. एकटे मुनीरभाई वाकून थाळ्या बघत होते. वरच्या चारही थाळ्या झालेल्या, त्यातली एक कडेनं करपलेली. मधल्या ठीक. खालच्या उजव्या बऱ्या. आणि खाली डावीकडच्या दोन थाळ्यांमध्ये पीठ जसंच्या तसं, ओलं. मुनीरभाईंनी त्यात बोट बुडवून वर धरलं. बोटावरून काळा ओघळ खाली आला.

"ही बघा तुमची फेल खाट," ते म्हणाले. मीटरची तार भट्टीच्या वरच्या अंगाला होती, ती बिचारी तिथलं खरंच सांगत होती. "हवा खाली पोचत नाय. निकमसाहेब, मागच्या आठवड्यात पंख्याची मोटर दुरुस्तीला गेली होती ना? जोडल्यापासून पंखा उलटा तर फिरत नाय?"

निकम स्वतः शिडीवर चढला. पंख्याच्या आवरणावर बाण कोरलेला होता. त्यानं मोटर चालू करायला सांगितली, बघितलं आणि वरूनच ओरडला, "उलटा! उलटा फिरतोय!" त्याच्या आवाजात शरम नव्हती, निव्वळ आनंद होता. त्या क्षणापासून मला तो पोरगा आवडायला लागला. दोन तारांची अदलाबदल, दहा मिनिटांचं काम. उरलेल्या पिठाच्या पुन्हा बारा थाळ्या आत गेल्या. या वेळी बाहेर आल्या तेव्हा बाराही सारख्या होत्या. पट्टी लावून बघाव्या अशा.

शॉपमध्ये जो गलका झाला तो गेटपर्यंत ऐकू गेला असेल. कुणी डबडी वाजवली, कुणी मुनीरभाईंना उचलायला धावलं. त्या गोंधळात दातारसाहेबांनी एका थाळीतला तुकडा मोडून तोंडाकडं नेला. मुनीरभाईंनी त्यांच्या हातावर चापट मारली. मॅनेजरच्या हातावर!

"नक्को साहेब! भट्टीत रंगाची पावडर असते. हे टाकायचं." मग दुसऱ्या थैलीतून त्यांनी तो चपटा डबा काढला. "खायचं हे. रात्री घरी केलंय. सुग्राच्या नाकाखालून गेलेलं."

कोपरा कांताबाईनं न विचारता उचलला.

पुढच्या आठवड्यात माझ्या फडक्यांवर रंगाचा एक ठिपका लागला नाही. ऑर्डर वेळेत गेली, दुसरी पाळी राहिली. दातारसाहेबांनी मुनीरभाईंना परत बोलावलं तेव्हा त्यांनीच वाटणी सांगितली. थिनरचा बूथ निकमकडं, भट्टी आपल्याकडं. "नाक त्यांचं, डोळे माझे." निकमनं ते मान्य केलं, आणि पुढं तो त्यांचा इतका झाला की शनिवारी डब्याला बसमध्ये जागा धरायचं काम त्यानं स्वतःकडं घेतलं. मुनीरभाई पुढची चार वर्षं भट्टीवर राहिले आणि तिथूनच निवृत्त झाले.

त्यानंतर मी त्यांना नीट बघितलं ते एकदाच, कांताबाईच्या मुलीच्या लग्नात, करमाडला.

दुपारची वेळ. शेताच्या कडेला मांडव घातलेला, खाली सतरंज्यांवर पंगत बसलेली. गाव आणि पाहुणे मिळून तीनेकशे पानं. वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी. मी हात धुऊन बसायला जागा शोधत होते, तेवढ्यात पंगतीच्या टोकाला ते दिसले. पँट पोटऱ्यांपर्यंत दुमडलेली, पाय अनवाणी, डोक्याला रुमाल आणि हातावर हे भलंमोठं ताट. लग्नासाठी त्यांनी पत्र्याच्या पिंपाची नवी भट्टी बांधली होती आणि तीन दिवस भाजत होते, असं निकमनं मला सांगितलं. तो स्वतः दुसरं ताट घेऊन समोरच्या ओळीत वाढत होता. लग्नाचं जेवण म्हणून अंडं घातलेलं नव्हतं, दही घालून ब्राउनी केली होती.

पहिल्या ओळीतले लोक पानातल्या त्या काळ्या चौकोनाकडं संशयानं बघत होते. एका म्हाताऱ्यानं तो बोटानं ढकलून भाताच्या पलीकडं ठेवला. "हे काय वाढलं, बाबा?"

"खाऊन बघा, चाचा. पोरीच्या लग्नाचं आहे."

म्हाताऱ्यानं कोपरा मोडून तोंडात टाकला. दात थोडे होते, त्यामुळं वेळ लागला. मुनीरभाई ताट घेऊन वाकलेलेच राहिले. पुढची पानं खोळंबली तरी हलले नाहीत. म्हाताऱ्यानं उरलेला तुकडा उचलला, संपवला, बोटं चाटली आणि बुंदीवर हात आडवा धरून म्हणाला, "ही बुंदी राहू द्या. ती काळी वडी अजून दोन टाका. अन् ह्या पोरांना बी टाका, बघायला काय लागली नुसती!"

मग सगळ्या ओळीतून हात वर झाले. इकडं, इकडं, दादा इकडं. कांताबाई नवरीच्या आईच्या नव्या हिरव्या लुगड्यात मांडवाच्या दारात उभी राहून ओरडत होती, "भाई, पाठच्या वळीला पुरंल का?"

मुनीरभाई सरळ झाले. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, दाढीला मैदा लागलेला. त्यांनी मांडवाबाहेरच्या टेम्पोकडं हात केला आणि अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अख्ख्या करमाडला पुरंल! बसा, कुणी उठायचं नाय!"

आणि ताट सावरत पुढच्या पानावर वाकले.